नर्मदा राष्ट्रीय जलमार्ग आहे, मग जहाजं कुठे आहेत?

विमलेश्वरला पोचलो तेव्हा रात्रीचे साडेदहा झाले होते आणि आम्हाला पलीकडे नेणारी होडी चिखलात एका कुशीवर कलंडलेली होती. नर्मदेच्या परिक्रमेत दक्षिण तटाने समुद्रापर्यंत यायचं, तिथून होडीने उत्तर तटावरच्या मिठी तलाईला उतरायचं आणि पुन्हा पूर्वेकडे वळायचं, असा क्रम असतो. वडोदऱ्याहून निघालेल्या आमच्या बसमध्ये चाळीसेक माणसं होती, त्यांत माझी शहात्तर वर्षांची आत्या. तिने तांडेलला विचारलं, "दादा, होडी बिघडली का?" तो म्हणाला, "बा, होडी तो बराबर छे. पाणी नथी."

मग वाट बघणं आलं. पहाटे तीनच्या सुमाराला चिखल आधी ओला झाला, मग काळोखात चमकायला लागला आणि बघता बघता होडीची खालची बाजू पाण्यात गेली. करकरत ती सरळ झाली. पुढच्या टोकाला तांडेलचा मुलगा उंच बांबू घेऊन उभा राहिला. बांबूवर लाल-पांढरे पट्टे होते. निघाल्यापासून दर थोड्या वेळाने तो बांबू पाण्यात खुपसायचा, पट्टे मोजायचा आणि मागे ओरडून सांगायचा.

जलमार्गांवर सरकार पैसा खर्च करतं म्हणजे नेमकं काय करतं, हे समजून घ्यायला मला त्या रात्रीचा फार उपयोग झाला. होडी तयार होती, माणसं तयार होती, भाडं देऊन झालं होतं, पलीकडे उतरायची जागाही होती. अडलं होतं ते फक्त पाण्याच्या खोलीपाशी.

माझे धाकटे दीर दहेजला एका केमिकल कंपनीत आहेत. रोज अपडाउन करतात. मध्यंतरी जेवताना त्यांनी विचारलं, "वहिनी, नर्मदा राष्ट्रीय जलमार्ग आहे म्हणे. मग मुंबईकडे जाणारे आमचे टँकर भरूचच्या पुलावर का अडकून पडतात? पाण्याने का जात नाहीत?" प्रश्न अगदी रास्त होता. त्याचं उत्तर द्यायला मला बरंच वाचावं लागलं.

आधी "राष्ट्रीय जलमार्ग" या शब्दाचं बघू. राज्यघटनेत नद्यांचं पाणी मुख्यतः राज्यांच्या अखत्यारीत ठेवलं आहे. पण संसदेने कायदा करून एखाद्या नदीला राष्ट्रीय जलमार्ग जाहीर केलं, तर तिच्यावर यंत्राने चालणाऱ्या जहाजांची वाहतूक हा विषय केंद्राकडे जातो. पाणी कुणाला किती सोडायचं हे केंद्राकडे जात नाही, फक्त जहाजांच्या वाटेचं काम जातं. हे काम करायला १९८६ साली भारतीय अंतर्देशीय जलमार्ग प्राधिकरण स्थापन झालं. त्याच वर्षी प्रयागराज ते हल्दिया ही गंगेची १,६२० किलोमीटरची वाट पहिला राष्ट्रीय जलमार्ग ठरली. पुढच्या तीस वर्षांत यादी जेमतेम पाचवर पोचली. मग २०१६ च्या कायद्याने एका फटक्यात ती १११ वर गेली.

त्या यादीत आपल्या वडोदऱ्याच्या आसपासच्या मोठ्या नद्या आहेत. मही ६६ व्या क्रमांकावर, नर्मदा ७३, साबरमती ८७, तापी १००. पण बारसं झालं म्हणून मूल चालायला लागत नाही. यादीत नाव आल्यावर आधी पाहणी होते, मग सविस्तर प्रकल्प अहवाल तयार होतो आणि त्यात बहुतेक नद्यांचं उत्तर "सध्या परवडणार नाही" असंच आलं आहे. १११ पैकी प्रत्यक्ष वाहतूक चालू असलेले जलमार्ग २०२५ मध्ये २९ होते.

आता खोलीकडे येऊ. या विषयाचा जीव तिथे आहे.

दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्यात लाकडी कपाट माडीवर चढवायचा प्रसंग ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे लगेच कळेल. जिना खाली ऐसपैस असतो, वरही बरा असतो, पण मधल्या वळणावर भिंत दोन इंच पुढे आलेली असते आणि कपाट तिथेच अडतं. बाकीचा जिना कितीही रुंद असला तरी उपयोग शून्य. नदीचंही तसंच. दोनशे किलोमीटर नदी पाच मीटर खोल असेल आणि एकाच ठिकाणी वाळूच्या दांड्यावर दीड मीटर पाणी असेल, तर जहाजाच्या दृष्टीने ती पूर्ण वाट दीड मीटरची. याला किमान उपलब्ध खोली म्हणतात. जहाजाचा पाण्याखाली बुडणारा भाग म्हणजे ड्राफ्ट. ड्राफ्टपेक्षा खोली थोडी जास्त हवी, एवढा साधा नियम. पाणी कमी असेल तर मालक माल कमी भरतो, म्हणजे जहाज वर राहतं. पण माल कमी भरला की दर टनाचा खर्च वाढतो आणि पाण्याने माल नेण्याचा फायदाच उडून जातो.

फायदा आहे कुठे, तेही सांगायला हवं, नाहीतर हा सगळा खटाटोप कशासाठी असं वाटेल. एका अश्वशक्तीने रस्त्यावर साधारण १५० किलो माल ओढता येतो, रुळांवर ५०० किलो आणि पाण्यावर ४,००० किलो, हा हिशेब या क्षेत्रात नेहमी दिला जातो. तरंगणाऱ्या वस्तूला फक्त पाणी बाजूला सारायचं असतं, घर्षण फारच कमी. गंगेसाठी जे मोठं जहाज डोळ्यांसमोर आहे ते १,५०० ते २,००० टनांचं. सोळा टन माल घेणारा ट्रक धरला तर २,००० टन म्हणजे सव्वाशे ट्रक. हायवेवर करजणच्या टोलनाक्याला सव्वाशे ट्रकांची रांग डोळ्यांपुढे आणा, मग एका जहाजाची किंमत कळेल.

अशा जहाजाला साधारण तीन मीटर खोल आणि तळाशी ४५ मीटर रुंद अशी सलग वाट लागते. गंगेत ती आपोआप नसते. गंगा हिमालयातून प्रचंड गाळ आणते, दर पावसाळ्यात तो कुठेही टाकते, जुना प्रवाह सोडून नवा धरते. पावसाळा संपला की सर्व्हे करणारी होडी फिरते, ध्वनिलहरी तळावर आपटून खोली मोजते, कुठे दांडा आला, कुठे पाणी वळलं याचा नकाशा काढते. तांडेलच्या मुलाच्या हातातल्या बांबूचंच हे काम, फक्त यंत्राने. मग ड्रेजर येतो, वाळू उपसतो, वाटेच्या दोन्ही कडांना बोये, म्हणजे तरंगत्या खुणा, लावले जातात, रात्रीसाठी दिवे बसवले जातात. पुढच्या पावसाळ्यात नदी यातलं बरंचसं पुसून टाकते.

मला यातला एक जुना उपाय फार आवडतो. पूर्वेकडच्या नद्यांत पाण्यात तिरपे बांबू रोवून त्यांना चटया, तट्टे बांधतात. त्याला बंडालिंग म्हणतात. तट्ट्यांमुळे वरचं पाणी वाटेकडे ढकललं जातं, तिथला वेग वाढतो आणि नदी स्वतःच स्वतःचा तळ खरवडून वाट खोल करते. ड्रेजरच्या मानाने खर्च अगदी थोडा. तोही दरवर्षी नव्याने करावा लागतो, हे खरं.

वडोदऱ्याच्या लोकांना नदी उपसणं नवीन नाही. २०२४ च्या ऑगस्टमधल्या पुराने आपल्या घरांत पाणी घातलं आणि पुढच्या उन्हाळ्यात विश्वामित्रीत जेसीबी उतरले. मगरींना सांभाळत गाळ काढला, हे आपण पुलांवर उभं राहून पाहिलं. पण पुरासाठी उपसणं आणि जहाजासाठी उपसणं यांत फरक आहे. पुरासाठी एकूण पोट मोठं व्हावं लागतं. एका जागी उंचवटा राहिला तरी चालून जातं. जहाजासाठी एक अरुंद वाट सलग लागते. तिच्यात एकही उंचवटा चालत नाही.

इथे सरकारी पैशाचा एक नाजूक मुद्दा येतो. ड्रेजिंगच्या ठेकेदाराला पैसे कशावर द्यायचे? जुनी रीत घनमीटरवर. जितका गाळ काढाल तितके पैसे. यात अडचण उघड आहे: उपसलेला गाळ जवळच टाकला आणि तो परत आला, तरी ठेकेदाराचं नुकसान नाही, उलट पुन्हा काम. शिवाय पाण्याखालचा खड्डा जाऊन कोण मोजणार? म्हणून अलीकडे गंगेवर दुसरी रीत आली, खात्रीशीर खोलीचा ठेका. अमुक टप्प्यात वर्षभर अमुक मीटर खोली राखा. किती गाळ काढला ते तुमचं तुम्ही बघा. खोली राहिली नाही तर पैसे कापले जातील. घरी पाण्याच्या टँकरला फेरीप्रमाणे पैसे देणं आणि "टाकी कधी रिकामी होऊ द्यायची नाही" या बोलीवर महिन्याचे पैसे ठरवणं, यांत जो फरक तोच. माझ्या मते गेल्या काही वर्षांतली जलमार्गांमधली सगळ्यात महत्त्वाची सुधारणा ही आहे. टर्मिनलच्या उद्घाटनांइतकी ती छापून येत नाही.

पैसा येतो कुठून, याचं सगळ्यात चांगलं उदाहरण गंगेवरचा जलमार्ग विकास प्रकल्प. हल्दिया ते वाराणसी, १,३९० किलोमीटर. केंद्राने जानेवारी २०१८ मध्ये मंजूर केला तेव्हा खर्च धरला होता ५,३६९ कोटी. त्यातले २,५१२ कोटी जागतिक बँकेचं कर्ज, २,५५६ कोटी सरकारने अर्थसंकल्पातून आणि बॉण्डमधून घालायचे आणि ३०१ कोटी खासगी कंपन्यांच्या भागीदारीतून. जागतिक बँकेचं कर्ज म्हणजे मदत नव्हे. ते केंद्र सरकारने म्हणजे तुम्ही-आम्ही फेडायचं असतं. बँकेच्या पैशाबरोबर निविदांचे, पर्यावरण अभ्यासाचे, विस्थापितांचे नियमही येतात. त्यामुळे काम हळू होतं, पण कागद नीट राहतात.

बॉण्डचं असं: २०१६-१७ च्या अर्थसंकल्पात प्राधिकरणाला १,००० कोटींचे बॉण्ड काढायला परवानगी मिळाली. आज बाजारातून उसने घ्यायचे, पुढे व्याजासकट परत करायचे. आणखी एक दार २०१८ मध्ये उघडलं. पेट्रोल-डिझेलवर आपण जो सेस भरतो त्याचा केंद्रीय रस्ते निधी होता. कायदा बदलून त्याचं नाव केंद्रीय रस्ते आणि पायाभूत सुविधा निधी झालं आणि पात्र कामांच्या यादीत जलमार्गही आले. कुठल्या क्षेत्राला किती वाटा, हे अर्थमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालची समिती ठरवते. म्हणजे अलकापुरीत स्कूटरमध्ये पेट्रोल भरताना आपण गंगेतल्या वाळूचा खर्च थोडाफार उचलत असू शकतो.

जे जहाज चालवतात ते किती देतात? फार थोडं. जहाजाच्या टनेजवर दर किलोमीटरला दोन पैसे असं शुल्क होतं, तेही २०२० च्या जुलैत तीन वर्षांसाठी माफ केलं गेलं. वाहतूक वाढावी म्हणून ते समजण्यासारखं आहे. अमेरिकेत मात्र वेगळी रीत आहे. तिथे मिसिसिपीसारख्या नद्यांवर बार्ज (सपाट तळाच्या मालवाहू होड्या) ओढणाऱ्या बोटींच्या डिझेलवर दर गॅलनला २९ सेंट कर आहे. तो वेगळ्या निधीत जमा होतो आणि नव्या लॉकच्या (जहाजाला वरच्या-खालच्या पातळीवर नेणारी पाण्याची खोली) बांधकामात त्यातून वाटा जातो. रोजची देखभाल मात्र तिथेही सरकारच करतं. दीडशे-दोनशे वर्षं जुनी, भरभरून चालणारी वाहतूक असूनही ड्रेजिंगचा खर्च तिथल्या सरकारच्या खांद्यावरून उतरलेला नाही, हे आपण ध्यानात ठेवलं पाहिजे.

आता एक तुलना, जी मीही आधी मोठ्या उत्साहाने केली होती. आपल्या शहराच्या बाजूने जाणारा दिल्ली-मुंबई एक्सप्रेस वे मूळ आराखड्यात १,३८६ किलोमीटरचा होता आणि खर्च सुमारे ९८,००० कोटी. हल्दिया-वाराणसी १,३९० किलोमीटर आणि ५,३६९ कोटी. लांबी तीच, खर्च अठरावा हिस्सा! पण ही तुलना अर्धीच खरी आहे. रस्ता बांधला की दहा-पंधरा वर्षं डांबर-काँक्रीट जागेवर राहतं, मधे मधे डागडुजी करायची. नदीतला रस्ता दर ऑक्टोबरमध्ये पुन्हा शोधावा लागतो. शिवाय रस्त्यावर माल दारात उतरतो. नदीवरून आलेला माल धक्क्यावर उतरवून परत ट्रकमध्ये चढवावा लागतो. त्या दोन चढउतारांत, अंतर कमी असेल तर, वाचलेले पैसे संपतात. म्हणूनच कोळसा, फ्लाय ॲश, खनिज, सिमेंट, दगड-वाळू असा जड, स्वस्त आणि घाई नसलेला माल पाण्याला शोभतो. औषधांच्या खोक्यांना नाही.

यातून पुढची अडचण निघते. माल नाही म्हणून जहाज नाही, जहाज नाही म्हणून माल नाही. १२ नोव्हेंबर २०१८ ला वाराणसीचं टर्मिनल सुरू झालं तेव्हा कोलकात्याहून सोळा कंटेनर घेऊन जहाज आलं. कौतुकाचा दिवस होता. पण कारखानदाराला एकदा आलेलं जहाज पुरत नाही. दर मंगळवारी येईल अशी खात्री लागते, आणि जहाजवाल्याला परतीचा माल लागतो. रिकामं परत जायचं तर भाडं दोन्ही फेऱ्यांचं लावावं लागतं.

ही गाठ सोडवायला डिसेंबर २०२४ मध्ये जलवाहक नावाची योजना आली. गंगा, ब्रह्मपुत्रा आणि बराक या तीन जलमार्गांवर ३०० किलोमीटरपेक्षा लांब माल नेला तर प्रत्यक्ष खर्चाच्या ३५ टक्क्यांपर्यंत रक्कम सरकार परत देतं. समजा एका फेरीला मालकाचा खर्च दहा लाख झाला, तर जास्तीत जास्त साडेतीन लाख त्याला परत मिळतील. योजनेसाठी ९५ कोटी ४२ लाख ठेवले आहेत आणि मुदत तीन वर्षांची. ड्रेजिंगच्या खर्चापुढे रक्कम लहान आहे. पण हा पैसा दगड-सिमेंटमध्ये जात नाही, सवय लागावी म्हणून जातो. तीन वर्षांनी अनुदान थांबल्यावर जहाजं चालू राहिली तर योजना लागू पडली म्हणायची. नर्मदेला ही योजना लागू नाही.

सरकारचा एक आकडा तुम्ही ऐकला असेल: २०१३-१४ मध्ये राष्ट्रीय जलमार्गांवरून १.८ कोटी टन माल गेला, २०२४-२५ मध्ये १४.५ कोटी टन. वाढ खरी आहे. पण २०१६ नंतर जलमार्गांची यादीच मोठी झाली. कोकणातल्या खाड्या, गोव्याच्या मांडवी-झुवारी, नर्मदा-तापीची मुखं, सगळी हिशेबात आली. धरमतरच्या खाडीत बार्जमधून येणारा कोळसा आणि खनिज पाहिलेले लोक या लेखाच्या वाचकांत नक्की असतील. समुद्रातलं मोठं जहाज बाहेर थांबतं आणि छोटे बार्ज भरतीबरोबर खाडीत शिरतात. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर "नदीतली वाहतूक" म्हणजे मुख्यतः हे. ती भरतीवर चालते आणि भरती फुकट असते.

आता दिरांचा प्रश्न. नर्मदा.

दोन हजार वर्षांपूर्वी भरूच, तेव्हाचं भृगुकच्छ, हिंदुस्थानातल्या मोठ्या बंदरांपैकी एक होतं. ग्रीक व्यापारी तिथे येत. त्या काळच्या एका ग्रीक वर्णनात लिहिलंय की नदीचं मुख सापडायला अवघड आहे, भरतीचा लोंढा भयंकर येतो, म्हणून तिथल्या राजाच्या नोकरीतले कोळी होड्या घेऊन मुखाबाहेर येतात आणि परदेशी जहाजांना टप्प्याटप्प्याने, भरतीच्या वेळा सांभाळत भरूचपर्यंत ओढून नेतात. म्हणजे जहाजाला वाट दाखवण्याचा खर्च तेव्हाही राजाच करत होता! खंभातच्या आखातात भरती-ओहोटीतला फरक काही ठिकाणी दहा मीटरपर्यंत जातो, तीन मजली घराएवढा. विमलेश्वरची होडी चिखलात पडली होती ती याच आखाताच्या तोंडावर.

वरच्या बाजूला चित्र बदललं आहे. केवडियाला १३८.६८ मीटर उंचीचं सरदार सरोवर धरण आहे, त्याच्या खाली गरुडेश्वरचा बंधारा. टेंबे स्वामींच्या समाधीला जाणाऱ्या आपल्या लोकांनी तो पाहिला आहे. धरण किंवा बंधारा ओलांडायला जहाजाला लॉक लागतं: दोन दारांची पाण्याची खोली, जहाज आत घ्यायचं, दार लावायचं, पाणी भरून किंवा सोडून त्याला दुसऱ्या पातळीवर न्यायचं. गंगेवर फरक्क्याला तसं आहे. ती सोय नसेल तर जलमार्ग तिथेच संपतो, नकाशावर रेघ पुढे गेली तरी. खाली चांदोद, मालसर, नारेश्वरच्या टप्प्यात उन्हाळ्यात नदीत वाळूची बेटं वर येतात. भरूचला १८८१ चा जुना लोखंडी पूल आहे आणि पुढेमागे बरेच पूल आहेत. जहाज पाण्याखाली किती बुडतं तसंच पाण्यावर किती उंच आहे, तेही मोजावं लागतं, नाहीतर ते पुलाखालून जाणारच नाही. आणि भाडभूतला नदीवर मोठा बॅरेज, म्हणजे दारांचा बंधारा, होतो आहे, समुद्राचं खारं पाणी वर चढू नये म्हणून. धरणातून खाली येणारं पाणी कमी झाल्यावर खारेपणा भरूचपर्यंत चढला, म्हणून त्याची गरज पडली. भाडभूतचे मच्छीमार हिल्सा माशावर जगतात. तो समुद्रातून गोड्या पाण्यात अंडी घालायला चढतो आणि बॅरेज त्याच्या वाटेत येतो, हे त्यांचं म्हणणं मला पटतं. एकाच नदीकडून आपण प्यायचं पाणी, वीज, शेती, पूररक्षण, मासे आणि वर जहाजांची वाट मागतो आहोत. जहाजाला सलग वाहतं पाणी लागतं आणि बाकीच्या बहुतेकांना ते अडवलेलं लागतं.

दहेजचं उदाहरण तर दारातलं. २२ ऑक्टोबर २०१७ ला घोघा-दहेज फेरी सुरू झाली. आखाताला वळसा घालून रस्त्याने तीनशे किलोमीटरहून जास्त अंतर, पाण्यातून जेमतेम ३१. भावनगरचे आमचे नातेवाईक आनंदले होते. घोघ्याला भरतीबरोबर वरखाली होणारा लांब हलता पूल बसवला होता, जेणेकरून ट्रक थेट जहाजात चढावेत. पुढच्या वर्षी गाड्याही जाऊ लागल्या. पण दहेजच्या बाजूला, नर्मदेच्या मुखापाशी, गाळ साठतच राहिला. उपसला की पुन्हा भरायचा. शेवटी ती फेरी थांबली आणि ८ नोव्हेंबर २०२० ला जहाज घोघ्याहून हजिऱ्याला जाऊ लागलं, जिथे खोल पाणी आहे. तिथे पाण्यातलं अंतर तिपटीने जास्त, तरी फेरी चालते. ३१ किलोमीटरची वाट हरली आणि ९० किलोमीटरची जिंकली. पैसा, जहाज, प्रवासी, जाहिरात, सगळं दहेजलाही होतं.

कोचीच्या वॉटर मेट्रोचंही थोडक्यात सांगते, कारण तिथे उलटं घडलं. एप्रिल २०२३ मध्ये सुरू झालेला हा प्रकल्प सुमारे १,१३७ कोटींचा, जर्मनीच्या केएफडब्ल्यू बँकेचं कर्ज घेऊन उभा केलेला. तिथली बेटं, बेटांवरचे रोज ये-जा करणारे लोक आणि शांत बॅकवॉटर आधीपासून होतं. सरकारने विजेवर चालणाऱ्या चांगल्या होड्या आणि पाण्याबरोबर वरखाली होणारे तरंगते धक्के दिले. माल शोधत बसावं लागलं नाही.

आपल्याकडे वाट एकदा बदलून झाली आहे. १८६२ मध्ये गायकवाडांच्या राज्यात डभोई ते मियागाम नॅरोगेज रूळ पडले. सुरुवातीला त्यावर डबे बैल ओढत. १८७९ मध्ये रूळ चांदोदला, थेट नर्मदेच्या काठी पोचले. कापूस आणि यात्रेकरू रुळांवर गेले. महाराजांच्या राज्याने तेव्हा पैसा रुळांवर लावला, आणि ऋतूप्रमाणे रूप बदलणाऱ्या नदीपेक्षा तो निर्णय शहाणपणाचा होता असं मला वाटतं.

हे सगळं ऐकून दीर म्हणाले, "म्हणजे वहिनी, ७३ नंबरवर पैसा लावूच नये?" लावावा, पण कुठे लावायचा ते पाहून. भरूचपासून केवडियापर्यंत मालाची जहाजं नेण्यासाठी वाळू उपसत बसणं मला पटत नाही. तिथे दरवर्षी खर्च आणि माल नाही. मुखाजवळ, जिथे भरती फुकट खोली देते, तिथे बोये, दिवे, नियमित सर्व्हे आणि भरतीच्या वेळांची खात्रीशीर माहिती यावर थोडा पैसा पुरेसा आहे. आणि विमलेश्वर-मिठी तलाई या वाटेवर दोन्ही तटांना तरंगता धक्का हवाच हवा. दर वर्षी हजारो परिक्रमावासी तिथून जातात. त्यांत म्हातारी माणसं जास्त. एवढ्या उंच भरतीत तरंगता धक्का म्हणजे खोल रोवलेले खांब, त्यांवर वरखाली सरकणारा पोंटून आणि लांब उतरती फळी, म्हणजे स्वस्त काम नाही. पण टर्मिनलच्या मानाने किरकोळ आहे आणि पहिल्या दिवसापासून वापरला जाईल.

त्या पहाटे आम्ही मिठी तलाईला लागलो तेव्हा उजाडत होतं. बांबूवाल्या मुलाने शेवटचा पट्टा मोजून हात वर केला आणि होडी तिथेच थांबली, काठापासून वीस-पंचवीस पावलांवर. एक अरुंद फळी टाकली गेली, तिच्यापुढे चिखल. आत्याने नऊवारीचा काष्टा आणखी वर खोचला, दोन खलाशांनी तिला दोन्ही दंडांना धरलं आणि मी तिच्या चपला हातात घेऊन मागून निघाले. आमच्या मागे अजून तीस माणसं उतरायची होती आणि तांडेल घाई करत होता. पाणी ओसरायला लागलं होतं.